साडी ‘रिपीट’ झाली, तर काय झालं?

मागच्या महिन्यात एका लग्नात शेजारी बसलेल्या बाईंनी माझ्या पदराला हात लावून हळूच विचारलं, “भाभी, आ तो पेली ज साडी ने?” होय बाई, तीच साडी. भाचीच्या साखरपुड्याला नेसले होते तीच. धुतलेली, इस्त्री केलेली, कुठे विटलेली नाही. पण त्यांचा चेहरा असा, जणू मी चोरी करताना सापडले!

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. म्हणून आज थोडं भांडणार आहे. तुमच्याशी, आणि माझ्याशीही.

आपण सुरतेत राहतो. रिंग रोडच्या मार्केटातून देशभर साड्या जातात. बॉम्बे मार्केटात नाहीतर चौटा बाजारात तीनशे रुपयांतही साडी हाती पडते. माहेरच्या वहिन्या खानदेशातून आल्या की म्हणतात, “तुमचं बरं आहे बाई, तुमचा कपड्यांचा खर्च कमी.” साफ खोटं! या स्वस्ताईनेच आपला खर्च वाढवलाय. तीनशेचीच तर आहे, म्हणत आपण दरवेळी एकीऐवजी तीन घेतो.

हिशेब मांडून बघा. तीनशेची साडी, शंभर फॉल-पिकोचे, साडेतीनशे ब्लाउजची शिलाई, दीडशेचा मॅचिंग परकर. झाले नऊशे. नेसली दोनदा, म्हणजे एका नेसण्याचे साडेचारशे. उलट माझी एक राखी रंगाची सुती साडी आहे. साडी बाराशेची, फॉल-पिको शंभर. ब्लाउज घरातलाच काळा, परकरही जुनाच. आजवर सव्वीस वेळा तरी नेसली असेल. एका नेसण्याचे पन्नास रुपये. आता सांगा, महाग कोणती?

मी आता एकच नियम ठेवलाय. काळा, मरून, मोतिया आणि सोनेरी, असे चार ब्लाउज चांगल्या शिंप्याकडून शिवून घेतले. यातल्या एकावरही जी साडी जात नाही, ती फुकट मिळाली तरी घ्यायची नाही. आणि दुकानात बसल्या बसल्या ती साडी नेसायचे तीन प्रसंग आठवले नाहीत, तर घडी घालून परत द्यायची.

पण खरं दुखणं दुकानात नाही, आपल्यात आहे. हळदीला पिवळी, मेहंदीला हिरवी, संगीताला आणखी काही. त्यात महिला मंडळाचा कार्यक्रम आला की सगळ्यांनी एकसारखी साडी. व्यापारी सेट देतो, भाव कमी पडतो, आपण खूश. आमच्या मंडळातली एकजण दोन वर्षांपासून येत नाही. तिचे मिस्टर हिऱ्याच्या कारखान्यात. मंदीत काम निम्म्यावर आलं. मला वाटायचं, तब्येत बरी नसेल. परवा भाजी घेताना भेटली, तेव्हा म्हणाली, “दरवेळी साडीचे पैसे कुठून काढू, ताई?” मी गप्प झाले. कारण त्या सेटचा रंग ठरवणाऱ्यांत मीही होते.

आपल्यात कितीतरी जणी रोज सकाळी चौदा नियम धारतात. त्यात वस्त्र हाही एक नियम आहे ना? आज किती कपडे वापरीन, ते मोजायचं आणि सांजेला आठवायचं. अंगावरचे आपण मोजतो, कपाटातले कोण मोजणार? अपरिग्रहावर व्याख्यान ऐकायलाही नवीन साडी लागते आपल्याला!

कोसल्यातले जीव उकळतात म्हणून मी रेशीम सोडलं. त्याचा मला अभिमानही होता. पण त्याच्या जागी सिंथेटिक साड्यांचा ढीग आणला. तो धागा खनिज तेलापासून बनतो, सहजी कुजत नाही. आणि पांडेसराच्या मिलांत तो रंगवायला पाणी लागतं, ते वेगळंच. जीवदया काय रेशमापाशीच संपते?

कुणी म्हणेल, बायकांनी खरेदी थांबवली तर मार्केट कसं चालायचं? अगं, आमच्याकडेही कापडाचीच दलाली आहे. आमचं घरही त्यावरच चालतं. पण मार्केट काही माझ्या कपाटावर उभं नाही. आणि मी घेऊच नका म्हणत नाही. नेसायला घ्या, दाखवायला नको.

येत्या पर्युषणात आपण एकमेकींना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणू. मला ते आधी त्या मैत्रिणीच्या घरी जाऊन म्हणायचं आहे. आणि मंडळाच्या पुढच्या निमंत्रणात रंगाच्या जागी एवढंच लिहायचं आहे : ‘कपाटात असेल ती साडी नेसून या.’ पहिल्या दिवशी मी ती राखी साडी नेसूनच येणार आहे. सत्ताविसाव्यांदा!