‘ते सीए बघतील’

छोट्या धर्मादाय संस्थेच्या बैठकीत वार्षिक हिशेबाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतेच, ‘ते सीए बघतील.’ विषय संपतो, चहा येतो. मग सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पावत्यांची पिशवी घेऊन कुणाला तरी तालुक्याहून जिल्ह्याला पिटाळले जाते.

या वाक्यामागे एक भूमिका आहे आणि ती अगदीच पोकळ नाही. ‘आम्ही मूठभर माणसे. पदरमोड करून वाचनालय चालवतो, चार गरजू मुलांची फी भरतो. पैसा खायला आहेच कुठे? चोरांसाठी केलेला कायदा आमच्या गळ्यात कशाला? कागद रंगवण्यात जाणारा वेळ मुलांना द्यावा.’ सज्जन माणसे हे मनापासून म्हणतात. मीही म्हणत असे.

एका वाचनालयाचा मी काही वर्षे खजिनदार होतो. एका पावसाळ्याच्या तोंडावर छप्पर गळू लागले. पत्रे मी माझ्या खिशातून आणले, साडेसात हजारांचे. दोन महिन्यांनी देणगी आली, त्यातून माझे पैसे परत घेतले. ना ठराव, ना व्हाउचर. मनात खोट नव्हती, पण वहीत ७,५०० रुपये खजिनदाराच्या घरी गेलेले दिसत होते आणि ते का गेले हे फक्त मला ठाऊक होते. मी त्या वर्षी गेलो असतो, तर माझ्या मागे नुसता संशय उरला असता. सज्जनाला हिशेब लागत नाही, हा युक्तिवाद मी तेव्हापासून सोडला.

आता ‘सीए बघतील’कडे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालच्या नियमांनुसार लेखापरीक्षकाने अहवालात काय काय सांगायचे असते, ते एकदा वाचून पाहा. बेरीज-वजाबाकी त्यात थोडीच. तपासणीच्या दिवशी हातातली रोकड वहीशी जुळली का? जंगम मालमत्तेची यादी ठेवली आहे का? सभा घटनेप्रमाणे झाल्या का, गणसंख्या होती का, इतिवृत्त लिहिले का? कुणी विश्वस्त संस्थेचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का? गेल्या वर्षी दाखवलेल्या चुका दुरुस्त झाल्या का? यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर सीएच्या कार्यालयात जन्माला येत नाही. ते आपल्या कपाटात असते, नाहीतर कुठेच नसते. सप्टेंबरमध्ये एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहिलेली बारा महिन्यांची इतिवृत्ते मी पाहिली आहेत. त्यांत तीनदा तोच सदस्य ‘आभार मानतो’, आणि त्यांतल्या एका सभेच्या आधीच तो वारलेला असतो.

सगळ्यांत भारदस्त आक्षेप गुप्तदानाचा. या हाताचे त्या हाताला कळू नये, ही आपली जुनी शिकवण. मग देणगीदाराचे नाव, पत्ता, पॅन कशाला विचारायचा? म्हणणारे एक विसरतात, की गुप्तता हा देणाऱ्याचा अधिकार आहे, घेणाऱ्याचा नव्हे. प्राप्तिकर कायद्याने ‘निनावी देणगी’ची व्याख्याही घेणाऱ्याच्या बाजूनेच केली : जिच्या देणाऱ्याचे नाव-पत्ता घेणाऱ्या संस्थेने नोंदवून ठेवलेले नाही, ती निनावी. शिवाय दानपेटीला कायद्याने जागा ठेवली आहे. वर्षाला एक लाख रुपये किंवा एकूण देणग्यांच्या पाच टक्के, यांतली जी रक्कम मोठी असेल तिथपर्यंत निनावी देणगीवर खास कर नाही. त्यापुढच्या रकमेवर ३० टक्के आहे. आमच्यासारख्या वाचनालयाच्या पेटीत लाखभर रुपये निनावी पडले असते, तर आम्ही पेढे वाटले असते!

उलट नाव न नोंदवण्याचा फटका देणाऱ्यालाच बसतो. २०२१-२२ या वर्षापासून देणगीदाराला प्राप्तिकरात ८०जीची सवलत हवी असेल, तर संस्थेने देणगीदारांचे विवरणपत्र, म्हणजे १०बीडी, ३१ मेपर्यंत भरावे असे ठरले. ते भरल्यावरच देणगीदाराला द्यायचे प्रमाणपत्र निघते. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. एका निवृत्त शिक्षिकेने पेन्शनमधून धनादेशाने दहा हजार दिले आणि आपण पावतीवर तिचा पॅन लिहिला नाही, तर तिची सवलत आपण बुडवली. याला साधेपणा म्हणत नाहीत.

सरकारची बाजू मी घेत नाही. धर्मादाय आयुक्तांचा नमुना वेगळा, प्राप्तिकर खात्याचा वेगळा. तेच आकडे दोनदा, दोन मांडण्यांत द्यायचे. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा, आणि तो मंजूर होईपर्यंत वाट पाहायची. प्राप्तिकराच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण हा छोट्यांवर अन्यायच होता. २०२५च्या वित्त कायद्याने पाच कोटींपर्यंत उत्पन्न असलेल्या संस्थांना दहा वर्षांची मुदत दिली, हे चांगले झाले. तक्रार जरूर करावी. पण जिची कॅशबुक अद्ययावत आहे, त्या संस्थेने केली तर ती ऐकायला बरी वाटते.

मग करायचे काय? फार नाही. महिन्याची एक संध्याकाळ : कॅशबुक आणि बँकेचे पासबुक शेजारी ठेवून जुळवायचे, प्रत्येक खर्चाला व्हाउचर लावायचे, देणगीच्या पावतीवर त्याच वेळी नाव, पत्ता, पॅन. पदाधिकाऱ्याने खिशातून घातलेला रुपया त्याच दिवशी त्याच्या नावे जमा. फेब्रुवारीत पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक, कारण कायद्याने ते वर्ष सुरू होण्याच्या महिनाभर आधी हवे असते. डेडस्टॉक रजिस्टर घेऊन वर्षातून एकदा खुर्च्या खरोखर मोजायच्या. आमच्या रजिस्टरमध्ये चोवीस होत्या, खोलीत एकोणीस. पाच एका लग्नाला गेल्या होत्या आणि माहेरी परतल्याच नव्हत्या.

आणि ३१ मार्चच्या संध्याकाळी रोकडीची पेटी उघडायची, दोघांनी. पत्र्यांच्या प्रकरणानंतर पहिल्यांदा आम्ही ती तशी उघडली, तेव्हा वहीपेक्षा चाळीस रुपये कमी निघाले. मी सवयीने खिशात हात घातला. सचिवांनी तो धरला. तासभर शोधले, कारण सापडले नाही. तेवढेच वहीत लिहिले आणि खाली दोघांनी सह्या केल्या.