साडेसाती आणि सहा आठवडे

घोडेगावहून शिंगणापूरकडे वळलं की रस्त्याकडेला रसवंत्या लागतात आणि देवस्थान जवळ आलं की पूजेच्या ताटांची दुकानं. तेलाची बाटली, रुईच्या पानांची माळ, काळे उडीद, काळं कापड. अशाच एका दुकानापुढे माझा मावसभाऊ ताट घेऊन उभा होता. तीन महिने त्याला धड झोप नव्हती, मळ्यात पाऊल टाकलं नव्हतं. शर्टाच्या खिशातून गोळ्यांची स्ट्रिप डोकावत होती. दहापैकी नऊ घरं फुटलेली, एक गोळी शिल्लक. म्हणाला, "दादा, नऊ दिवस घेतल्या. नुसतं मळमळतं, फरक काडीचा नाही. साडेसाती चालूय, ती सरली की सगळं सरेल." मी मान डोलावली. ते मान डोलावणं मला आजही टोचतं.

शनीच्या त्या उघड्या चौथऱ्यावर श्रद्धेनं तेल वाहणाऱ्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते 'नैराश्य म्हणजे साडेसाती' या निदानाशी. शनीला राशिचक्राचा फेरा पुरा करायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात. एका राशीत सुमारे अडीच वर्षं, तीन राशींची मिळून साडेसात. म्हणजे कोणत्याही दिवशी बारापैकी तीन राशींना साडेसाती असतेच. दोन राशींची अडीचकी धरली तर पाच. जे निदान रोज बारापैकी पाच राशींना लागू पडतं, ते याच माणसाची झोप का उडाली हे कसं सांगणार? "पण अमक्याला गुण आला ना!" आला असेल. नैराश्य बऱ्याचदा काही महिन्यांनी आपसूक ओसरतं आणि त्या वेळी जे चालू असेल त्याच्या पदरात श्रेय पडतं. अनेकांना ते परत गाठतं, तेव्हा मात्र जुना नवस कुणी हिशेबात धरत नाही.

हाच आक्षेप गोळीवरही घेतला पाहिजे, आणि विज्ञानानं तो स्वतःवर घेतला आहे. म्हणून तर चाचणीत एका गटाला खरी गोळी देतात आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नैराश्यावरच्या औषधांच्या ५२२ चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण आलं: १,१६,४७७ रुग्ण, २१ औषधं. सगळी औषधं नकली गोळीपेक्षा सरस ठरली. फरक सरासरीनं माफकच होता, हेही सांगितलं पाहिजे. पण तो होता.

दुसरा पक्ष शहरातला, शिकलेला. २०२२ साली लंडनच्या संशोधकांनी आढावा घेऊन सांगितलं की नैराश्यात मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन कमी असतं याला सबळ पुरावा नाही. लगेच आरोळी उठली, मग सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्या हे थोतांडच! यातलं पहिलं विधान मला मान्य आहे. दुसरं त्यातून निघतच नाही.

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत चेताशास्त्रज्ञ विदिता वैद्य २००० सालापासून, मग या गोळ्या काम करतात तरी कशा, याच प्रश्नाचा पाठपुरावा करत आहेत. येलला रोनाल्ड डुमन यांच्या हाताखाली त्यांनी पीएचडी केली. २०१५ साली भटनागर पुरस्कार आणि २०२२ साली इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या तान्ह्या पिल्लांना फ्लुओक्सेटीन हे नैराश्यावरचं औषध दिलं गेलं. ती पिल्लं मोठेपणी भेदरट, चिंताग्रस्त निघाली. सेरोटोनिनचा एक विशिष्ट ग्राहक (रिसेप्टर) त्याच काळात बंद ठेवला, तर हा परिणाम टळला. मोठ्या वयात जे औषध उदासी हटवतं, तेच बालपणी चिंता पेरतं! मेंदू म्हणजे पाणी कमी पडलेली टाकी असती, तर भर घातल्यानं असं उलटं घडलं नसतं. २०१९ साली त्यांनी सहकाऱ्यांसह दाखवलं की सेरोटोनिनमुळे चेतापेशींत मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे घटक, वाढतात. हे प्रयोग उंदरांच्या जातीतल्या प्राण्यांवरचे आहेत. तिथून माणसावर थेट उडी मारता येत नाही. पण दिशा दिसते: औषध भर घालत नाही, बदल घडवायला लावतं.

आणि बदलाला वेळ लागतो. माझ्या भावाच्या नऊ दिवसांचं उत्तर इथं आहे. गोळी पोटात गेल्यावर सेरोटोनिन परत शोषून घेणारी वाट काही तासांतच अडते. पण चेतापेशींचे स्वतःचे ब्रेक असतात. सेरोटोनिन वाढलेलं दिसताच ते दाबले जातात आणि सैल पडायला दोन-तीन आठवडे जातात. त्यानंतर पेशींना पोसणारी प्रथिनं वाढतात, जोडण्या नव्यानं बसतात. पोटाचं तसं नाही. आतड्यांतही सेरोटोनिन भरपूर असतं, म्हणून मळमळ दुसऱ्याच दिवशी हजर. त्रास आधी आणि गुण नंतर, असा हा उलटा क्रम आहे. तो ठाऊक नसलेला माणूस दहाव्या दिवशी गोळी सोडणारच.

राहिली 'सवय लागते' ही भीती. दारूसारखी ओढ या गोळ्यांची लागत नाही. एकदम बंद केल्या तर चक्कर येते, अंगात झटके बसल्यासारखं होतं, म्हणून त्या डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवायच्या असतात. तरुणांत सुरुवातीच्या दिवसांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, तेव्हा घरच्यांनी जवळ राहायचं असतं. एक औषध लागू पडलं नाही तर दुसरं असतं, आणि गोळीच्या जोडीला बोलून करायचे उपचारही असतात.

यातलं एक अक्षर माझ्या भावाला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या चिठ्ठीवर गोळीचं नाव आणि 'रात्री एक' एवढंच होतं. माझं मागणं प्रत्येक डॉक्टरकडे आहे: त्या चिठ्ठीवर मराठीत तीन ओळी आणखी लिहा. मळमळ पहिल्या आठवड्यात होईल आणि बहुधा जाईल. फरक दोन ते सहा आठवड्यांत पडेल. मला विचारल्याशिवाय बंद करू नका. आणि शिंगणापूरला निघालेल्याच्या घरच्यांना एवढंच सांगणं, तेलाच्या बाटलीबरोबर ती स्ट्रिपही पिशवीत असू द्या, आणि त्या रात्रीची गोळी घेतली का, ते विचारा.