सहा वर्षे शिकून वॉर्डच्या दाराशीच

फेनिटॉइन हे अपस्मारावरचे जुने, स्वस्त आणि दगाबाज औषध आहे. बहुतेक औषधांचा डोस सव्वापट केला की रक्तातील पातळीही साधारण सव्वापट होते. फेनिटॉइनचे तसे नाही. त्याचे विघटन करणारी यकृतातील विकरे नेहमीच्या डोसलाच जवळजवळ संपृक्त झालेली असतात. साठ किलो वजनाच्या प्रौढासाठी पाठ्यपुस्तकी मूल्ये घ्यावीत: विकरांची कमाल क्षमता दिवसाला ४२० मिलिग्रॅम, अर्धसंपृक्ततेची पातळी लिटरला ४ मिलिग्रॅम. रोज ३०० मिलिग्रॅम दिल्यास स्थिर पातळी लिटरला १० मिलिग्रॅम येते. डोस ३५० केला की ती थेट २० होते, म्हणजे १० ते २० या उपचारयोग्य पट्ट्याचे एक टोक सोडून दुसरे गाठले जाते. ४०० मिलिग्रॅमला हेच समीकरण ८० हा आकडा देते, आणि तिथवर पोचण्याच्या कितीतरी आधी रुग्णाचा तोल जाऊ लागतो, जीभ अडखळते, शुद्ध हरपू लागते. त्यातून हे औषध सुमारे ९० टक्के प्रथिनांना बांधलेले असते. रुग्ण कुपोषित असेल, अल्ब्युमिन घटले असेल, तर प्रयोगशाळेचा अहवाल ‘सामान्य’ म्हणतो आणि मुक्त औषधाची पातळी मात्र विषारी असते.

हे गणित अवघड नाही. पहिल्या वर्षाचा विज्ञानाचा विद्यार्थीही ते सोडवील. प्रश्न एवढाच आहे की गच्च भरलेल्या वॉर्डात, रात्री अकरा वाजता, ते कोणी सोडवायचे, आणि सोडवल्यावर डोस बदला असे सांगण्याचा अधिकार कोणाला?

भारताने या प्रश्नाचे उत्तर २००८ साली कागदावर दिले. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने त्या वर्षी फार्म.डी. हा अभ्यासक्रम आणला. पाच वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. त्यात सहा महिने जनरल मेडिसिन आणि प्रत्येकी दोन महिने तीन विशेष विभागांत. बी.फार्म. झालेल्यांसाठी तीन वर्षांची वेगळी वाट ठेवली. पुढे २०१५ मध्ये फार्मसी व्यवसायाचे विनियम आले, २०२१ च्या दुरुस्तीने त्यांत ‘क्लिनिकल फार्मासिस्ट’ हे पद शिरले. पदाची व्याख्या झाली खरी, पण ते पद भरण्याची सक्ती कोणत्याही रुग्णालयावर आली नाही. सरकारी भरतीच्या जाहिराती चाळाव्यात: फार्मासिस्ट या नावाखाली मागितली जाते ती प्रामुख्याने दोन वर्षांची पदविका, आणि काम असते साठा, नोंदी व खिडकीवरील वाटपाचे. हे काम कमी प्रतीचे आहे असे नव्हे. ते वेगळे काम आहे.

या अभ्यासक्रमाचा बचाव करणारे इंटर्नशिपकडे बोट दाखवतात. एक वर्ष रुग्णालयात घालवले, आणखी काय हवे? हवे ते हे: जबाबदारी. इंटर्न हा कायद्याने आणि व्यवहाराने विद्यार्थी असतो. औषधांमधील परस्परक्रिया तो शोधतो आणि बहुतेक वेळा ती उतरते त्याच्या स्वतःच्या वहीत, कारण गुण त्या वहीवर मिळतात. रुग्णाच्या केसपेपरवर त्याची ओळ क्वचितच जाते. आपला सल्ला चुकला तर काय होते, हे ज्याला कधी भोगावे लागले नाही, त्याला सल्ला देण्याची कला येत नाही. एम.बी.बी.एस. नंतरही इंटर्नशिप असते. म्हणून कोणी एम.डी.ची तीन वर्षांची रेसिडेन्सी अनावश्यक म्हणत नाही.

अमेरिकेत फार्म.डी.नंतर एक वर्षाची सर्वसाधारण रेसिडेन्सी आणि हवी असल्यास अतिदक्षता, कर्करोग, संसर्गजन्य रोग अशा एखाद्या शाखेत दुसरे वर्ष अशी मांडणी आहे. रुग्णालयीन फार्मासिस्टांची संघटना, ए.एस.एच.पी., त्यांना मान्यता देते. परवान्यासाठी रेसिडेन्सी सक्तीची नाही, पण मोठ्या रुग्णालयातील नेमणुकीसाठी ती जवळपास गृहीत धरली जाते. भारताने पदवीचे नाव तिथून उचलले आणि त्या पदवीला अर्थ देणारी पुढची पायरी तिथेच सोडली. २००८ च्या विनियमात इंटर्नशिपनंतर काही नाही. काही रुग्णालये आपापल्या बळावर असे प्रशिक्षण चालवतात, हे त्यांचे औदार्य. पण राष्ट्रीय मान्यतेविना एका शहरातील प्रमाणपत्राची किंमत दुसऱ्या शहरात ठरत नाही. दरम्यान नावामागे ‘डॉक्टर’ लावावे की नाही या वादात या पेशाची जेवढी शक्ती गेली, तिच्या निम्मी जरी केसपेपरवरील एका ओळीच्या हक्कासाठी खर्ची पडली असती तर बरे झाले असते.

एम.फार्म. आहे की, असे कोणी म्हणेल. एम.फार्म. प्रबंधावर संपतो, रेसिडेन्सी रुग्णांवर चालते. जीपॅट उत्तीर्ण झालेल्या एम.फार्म. विद्यार्थ्याला एआयसीटीईकडून महिना १२,४०० रुपये मिळतात, म्हणजे पदव्युत्तर प्रशिक्षणार्थीला पैसे देण्याचे तत्त्व सरकारला मान्य आहे. यंत्रणाही उभी करावी लागणार नाही. विद्यापीठांबाहेरच्या रुग्णालयांची तपासणी करून तिथे डीएनबीची रेसिडेन्सी चालवणारे राष्ट्रीय परीक्षा मंडळ गेली अनेक वर्षे तेच काम करते, आणि २०२४ पासून जीपॅटही तेच घेते. मंडळ आणि फार्मसी कौन्सिल दोन्ही एकाच आरोग्य मंत्रालयाच्या छत्राखाली आहेत. एकाच इमारतीतील दोन दालनांमधले अंतर इतकी वर्षे पार होऊ नये?

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. नेमणुका न काढता रेसिडेन्सी सुरू केली तर ती स्वस्त मनुष्यबळाची आणखी एक सोय ठरेल. निवासी डॉक्टरांच्या कामाच्या तासांचा इतिहास पाहता ही भीती अनाठायी नाही. म्हणून क्रम उलटा हवा. आधी केंद्रीय आणि राज्य शासकीय रुग्णालयांच्या सेवाभरती नियमांत क्लिनिकल फार्मासिस्टची पदे, त्यांना केसपेपरवर सही करण्याचा आणि सल्ला नोंदवण्याचा अधिकार, मग त्यांच्या हाताखाली रेसिडेंट. शिकवणारा वरिष्ठच वॉर्डात नसेल, तर रेसिडेंट कोणाकडून शिकणार? आरंभ अतिदक्षता, कर्करोग आणि प्रतिजैविकांच्या वापरावर देखरेख या तीन विभागांपासून करता येईल. चुकलेल्या डोसची किंमत तिथे सर्वांत लवकर चुकवावी लागते.