बिलाची भाषा कोणाच्या सोयीची?

रुग्णालयाचे बिल रुग्णाला समजत नाही, ही तक्रार आता सर्वमान्य झाली आहे. तिच्यावरचा उपायही तितकाच सर्वमान्य: अक्षरे मोठी करा, रकाने सुटसुटीत आखा. अमेरिकेच्या आरोग्य खात्याने तर २०१६ साली सुबोध बिलाच्या नमुन्यासाठी स्पर्धाच भरवली होती. बिल दुर्बोध होते ते आखणीतील हलगर्जीपणामुळे, असे भाबडे गृहीत या उपायामागे आहे. आम्हाला ते मान्य नाही.

गेल्या वर्षी शेजाऱ्यांच्या पत्नीचे बिल आम्ही वाचावयास घेतले. अर्थशास्त्र शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसालाही अकरा पानांचे ते बाड लागेना. सगळा मजकूर इंग्रजीत, त्यातही निम्मी संक्षिप्त रूपे. 'कन्झ्युमेबल्स' या एका ओळीसमोर अडतीस हजार रुपये. वस्तू कोणती, नग किती, दर काय, याचा पत्ता नाही. खिडकीतील तरुण म्हणाला, "सर, सिस्टिममधून असंच निघतं." हातमोज्यांच्या प्रत्येक जोडाची नोंद त्याच संगणकात असते, हेही त्यानेच नंतर मान्य केले! तपशील नव्हता असे नाही. तो छापावयाचा नव्हता.

वैद्यकीय सेवेच्या व्यवहारात देणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला नसते, हे केनेथ ॲरो यांनी १९६३ सालीच दाखवून दिले. हे अज्ञान काही अंशी अटळ आहे. कोणते इंजेक्शन द्यावे हे रुग्णाने ठरवावयाचे नसते. परंतु त्या इंजेक्शनच्या किमतीविषयीचे अज्ञान मुळीच अटळ नाही. ते जाणीवपूर्वक राखलेले आहे. राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने दिल्ली परिसरातील चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा नफ्याचे प्रमाण १७३७ टक्क्यांपर्यंत गेल्याचे फेब्रुवारी २०१८ मध्ये उघड झाले. नफ्याची ही वाट छापील कमाल किमतीतूनच काढलेली होती, कारण ती किंमतच मुळात फुगवून छापून घेतली जात होती. मग तीच किंमत ठळक अक्षरांत दाखवणारे देखणे बिल रुग्णाला काय सांगणार? रुग्णालयाची खरेदीकिंमत त्याच ओळीत छापली पाहिजे. हे व्यापारी गुपित आहे, असा आक्षेप येईल. येऊ द्या. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाशी व्यापार करणाऱ्याने गुपितांची भाषा बोलू नये.

केवळ दर बांधूनही भागत नाही. मे २०२० मध्ये राज्य शासनाने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले. अतिदक्षता विभागासाठी दिवसाला ७,५०० रुपये. संरक्षक पोशाख मात्र त्या दराबाहेर राहिले आणि अनेक बिलांत नेमकी तीच ओळ फुगली. पुढे जानेवारी २०२१ च्या नियमांनी पंधरा बाबींचे दर दर्शनी भागी लावणे बंधनकारक केले. हा फलक कितीशा रुग्णालयांत दिसतो, हे वाचकांनीच पाहावे.

आमची मागणी छापखान्याकडे नाही, विधिमंडळाकडे आहे. बिल मराठीत हवे, फलकावरील बाबींच्याच क्रमाने हवे आणि रोज सायंकाळी नातेवाइकांच्या हाती पडावयास हवे. घरी सोडण्याच्या दिवशी कोण वाद घालणार?

शेजाऱ्यांनी मुलीच्या नावची ठेव मोडून पैसे भरले. तपशीलवार बिलासाठी आम्ही केलेल्या अर्जाची पोच मिळाली आहे. बिल अद्याप आलेले नाही.