वाहत्या कानाचे दुखणे

लातूर-बार्शी रस्त्यावरील मुरुडसारख्या मोठ्या बाजारगावात लहान मुलाचा कान वाहू लागला, की घरात आधी तेल कोमट केले जाते. 'दात येताहेत, कान फुटलाय, मोठेपणी राहील' असे म्हणून विषय मिटतो. तो इतका साधा नाही.

घसा आणि मध्यकर्ण यांना जोडणारी नलिका लहान मुलांत आखूड व जवळजवळ आडवी असते. सर्दीबरोबर जंतू सहज कानात पोहोचतात. अमेरिकेतील बोस्टन येथील, १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तीन वर्षांच्या आतील ८३ टक्के मुलांना हा संसर्ग एकदा तरी झाल्याचे आढळले. बरेचसे संसर्ग आपोआप बरे होतात. म्हणूनच दोन वर्षांवरील मुलाचा त्रास सौम्य असल्यास प्रतिजैविके न देता दोन-तीन दिवस लक्ष ठेवता येते, अशी भूमिका तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ मध्ये घेतली.

हा सल्ला पुन्हा डॉक्टरांकडे जाणे सहज शक्य असलेल्यांसाठी आहे. सोयाबीनच्या सुगीत मजुरी बुडवून लातूर गाठणारी आई दुसऱ्यांदा येईलच, असे नाही. मग पडदा फुटतो, दुखणे थांबते, कान मात्र वाहतच राहतो. जुनाट वाहत्या कानाचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या देशांत जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ च्या अहवालाने भारताची गणना केली आहे. अशा मुलाला शब्द अर्धवट ऐकू येतात आणि वर्गात त्याच्यावर 'ढ' हा शिक्का बसतो.

केनियातील शाळकरी मुलांवरील अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसता कान पुसून कोरडा केलेल्या आणि काहीच उपचार न झालेल्या मुलांत त्यात फरक दिसला नाही. कान पुसण्याबरोबर थेंब व पोटात औषधे दिलेल्यांपैकी मात्र सुमारे निम्म्यांचे कान वाहणे थांबले. कापसाच्या वातीवर विसंबणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. तेलाची तर गोष्टच सोडा.

न्यूमोकोकसची लस २०२१ पासून देशभरातील बालकांना मोफत मिळते, पण तिचा मुख्य रोख न्यूमोनियावर आहे. फिनलंडमधील २००१ च्या चाचणीत अशा लशीने कानाचे एकूण संसर्ग अवघे ६ टक्के घटले. तेव्हा भिस्त तपासणीवरच उरते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत २०१३ पासून मध्यकर्णदाह आहे आणि अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी अपेक्षित आहे. कान दोन आठवडे वाहिला तरी तो जुनाट ठरतो. पथकाच्या दोन फेऱ्यांत सहा महिने जातात. मधल्या काळात मुलाला रोज पाहते ती अंगणवाडी सेविकाच.