औषध पाजले, पण चारा कुठला?

वैनगंगेच्या खोऱ्यात धानाची बांधी, तलाव आणि म्हैस यांची संगत जुनी आहे. या संगतीत यकृतकृमी नावाचा एक पाहुणाही फुकट पोसला जातो. पानासारखा चपटा, एक ते तीन इंच लांबीचा हा कृमी जनावराच्या काळजातील पित्तनळ्यांत राहतो. जनावर खंगते, रक्त कमी होते, दूध आटते, जबड्याखाली पाणी उतरते. अशी सूज इतर जंतांनीही येते, म्हणून आधी शेण दवाखान्यात तपासून घ्यावे.

पुष्कळ शेतकरी बांधव वर्षातून एकदा औषध पाजतात आणि निश्चिंत होतात. आमच्या मते एवढ्याने भागत नाही.

इंग्लंडात १८७९-८० साली या रोगाने सुमारे तीस लाख मेंढ्या दगावल्या. पुढे दोनतीन वर्षांतच थॉमस आणि लॉइकार्ट या शास्त्रज्ञांनी रोगाची वाट शोधून काढली. शेणातील अंडी पाण्यात फुटतात. पिल्लू गोगलगायीत शिरते आणि तिच्यात एकाची शेकडो होतात. ती बाहेर पडून पाण्याकाठच्या गवताला, धानाच्या बुडख्याला बारीक गाठीसारखी चिकटतात. तोच चारा जनावर खाते. म्हणजे औषधाने पोट साफ झाले, तरी दुसऱ्या दिवशी तलावकाठी पुन्हा तेच ताट वाढलेले असते.

ज्याला चाऱ्यासाठी तलावाचा काठच आहे, त्याला "तिकडे चारू नका" असे सांगणे सोपे. त्याने जनावर बांधावे कुठे? म्हणून झेपेल तेच सांगतो. गवत पाण्याच्या रेषेच्या वरून कापावे. धानाच्या तणसीचा बुडखा टाकून वरचा दोनतृतीयांश भाग द्यावा; बुडखा द्यायचाच असेल तर तीन दिवस कडक उन्हात वाळवावा. इंडोनेशियातील धानकऱ्यांना हीच रीत शिकवली गेली. ताजे शेण बांधीत टाकू नये. खड्ड्यात कुजवावे, त्या उष्णतेने अंडी मरतात. औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे आणि दूध किती दिवस वापरू नये, तेही विचारावे. काही औषधे फक्त मोठ्या कृमींना मारतात, लहान तसेच राहतात.

माणसालाही हा रोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात किमान चोवीस लाख लोकांना तो आहे. तो शिजवलेल्या कलेजीतून येत नाही. पाण्यातील कच्ची भाजी आणि न उकळलेले पाणी यांतून येतो. बिहार आणि उत्तर प्रदेशात आढळणारा याचा भाऊबंद आतड्यात राहतो. तो कच्च्या शिंगाड्याच्या सालीवरून येतो. मुलांना शिंगाडा दातांनी सोलू देऊ नका, उकडून द्या.

तलाव साऱ्या गावाचा आहे. एकाने औषध पाजले आणि शेजाऱ्याची म्हैस पाण्यात शेण टाकत राहिली, तर खर्च वाया जातो. गावाने एकाच आठवड्यात सर्व जनावरांना औषध द्यावे आणि विहिरीजवळ पाण्याचा एक हौद बांधावा. मरतुकड्या बैलाने पेरणी होत नाही. त्यापुढे हौदाचा खर्च थोडाच.