धर्मग्रंथ म्हणजे सातबारा नव्हे!

कोर्टात पुराव्याचा एक साधा नियम आहे. जो दावा करतो, त्याने तो सिद्ध करायचा. दस्तऐवज कितीही जुना असो, कितीही पूज्य असो. तो कोणी लिहिला, कधी लिहिला, कोणाच्या ताब्यातून पुढे आला, हे प्रश्न विचारले जाणारच. चार कागदांच्या साध्या खरेदीखताला जो नियम लागू होतो, तो धर्मग्रंथाला लावायची वेळ आली की मात्र भल्याभल्यांची बोबडी वळते. श्रद्धेचा प्रश्न आहे, असे म्हणून उलटतपासणी थांबवली जाते. परंतु बायबलच्या भूमीत ही उलटतपासणी गेली दीडशे वर्षे चालू आहे आणि तिथे साक्षीदार म्हणून खुद्द जमीन उभी आहे. ती काय सांगते, हे प्रत्येक विचारी माणसाने ऐकले पाहिजे.

१८६५ साली लंडनमध्ये पॅलेस्टाइन एक्सप्लोरेशन फंड ही संस्था स्थापन झाली. तेव्हापासून युरोप-अमेरिकेतील अनेक संशोधक एका हातात बायबल आणि दुसऱ्या हातात कुदळ घेऊन त्या भूमीत उतरले. त्यांच्यात कष्टाळू, विद्वान माणसे होती, यात शंका नाही. पण त्यांच्यातील अनेकांनी निकाल आधीच लिहून ठेवला होता. आता फक्त त्याला साजेसा पुरावा शोधायचा होता. निकाल आधी आणि तपास नंतर, अशी ही पद्धत! अशा तपासाचे काय होते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे यरीहो.

बायबलच्या यहोशवाच्या पुस्तकातील सहाव्या अध्यायात ही कथा आहे. इस्राएली लोकांनी यरीहो नगराभोवती सहा दिवस रोज एक फेरी मारली, सातव्या दिवशी सात फेऱ्या मारल्या. याजकांनी शिंगे फुंकली, लोकांनी जयघोष केला आणि तटबंदी कोसळली. लहान मुले ही कथा आनंदाने ऐकतात. पण पुढचे वाक्य त्यांना सहसा कोणी वाचून दाखवत नाही. नगरातले पुरुष, स्त्रिया, तरुण, म्हातारे, एवढेच काय, बैल, मेंढरे आणि गाढवेसुद्धा तलवारीने कापून काढली. वाचले ते फक्त हेरांना आसरा देणाऱ्या राहाब नावाच्या वेश्येचे कुटुंब. आणि हे सर्व देवाच्या आज्ञेने!

१९३० ते १९३६ या काळात ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ जॉन गार्स्टांग यांनी यरीहोची टेकडी खणली. पैसा पुरवला सर चार्ल्स मार्स्टन या धनिकाने. बायबल खरे ठरावे, ही त्यांची उघड इच्छा होती. गार्स्टांग यांना कोसळलेली दुहेरी भिंत सापडली. इ.स.पू. १४०० च्या सुमारास यहोशवाच्या वेळी पडली ती हीच, असे त्यांनी जाहीर केले. झाले! वर्तमानपत्रांतून, चर्चच्या व्यासपीठांवरून डंका पिटला गेला. बायबल सिद्ध झाले!

पण गार्स्टांग यांच्या प्रामाणिकपणाला दाद दिली पाहिजे. आपला पुरावा पुन्हा तपासावा, अशी विनंती त्यांनी स्वतःच कॅथलिन केन्यन यांना केली. केन्यन यांचे वडील सर फ्रेडरिक केन्यन हे बायबलच्या हस्तलिखितांचे नामवंत अभ्यासक. म्हणजे या बाई काही धर्मद्वेषाने पेटून तिथे गेल्या नव्हत्या. त्या मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली तयार झाल्या होत्या. हेच व्हीलर १९४४ ते १९४८ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते. माती थराथराने कापायची, कोणती वस्तू नेमकी कोणत्या थरात मिळाली याची नोंद करायची, ही त्यांची शिस्त. आमच्या भाषेत सांगायचे तर जागेवरचा पक्का पंचनामा.

१९५२ ते १९५८ या काळात केन्यन यांनी यरीहो खणले आणि दाव्याचा पायाच निखळला. गार्स्टांग यांची भिंत यहोशवाच्या मानल्या गेलेल्या काळाच्या जवळपास हजार वर्षे आधीची निघाली! नगर इ.स.पू. १५५० च्या सुमारास उद्ध्वस्त झाले होते. ज्या तेराव्या शतकात इस्राएली तिथे आले असे बहुतेक अभ्यासक मानत, त्या काळात पाडायला तिथे तटबंदीचे नगरच आढळले नाही. १९९० साली ब्रायंट वुड यांनी गार्स्टांग यांची तारीख पुन्हा उचलून धरली. परंतु १९९५ साली त्याच थरातील जळालेल्या धान्याची कार्बन तपासणी प्रसिद्ध झाली आणि ते धान्य इ.स.पू. १४०० च्या बरेच आधीचे ठरले.

दुसरे नगर आय. यहोशवाने तेही जाळले, असे ग्रंथ सांगतो. ज्युडिथ मार्के-क्राउस या संशोधक महिलेने १९३३ ते १९३५ मध्ये एत-तेल येथे उत्खनन केले. अभ्यासक हीच जागा आय म्हणून ओळखतात. तिथले मोठे नगर यहोशवाच्या हजारभर वर्षे आधीच ओस पडले होते. गंमत अशी की, 'आय' या नावाचा अर्थच मुळी अवशेषांचा ढीग! ढीग आधीपासून होता. तो कोणी केला, याची कथा नंतर रचली गेली, असेच यातून दिसते.

मग इस्राएली लोक आले कुठून? १९६७ नंतर पश्चिम किनाऱ्याच्या डोंगराळ भागाची गावोगाव पाहणी झाली. इ.स.पू. १२०० च्या सुमारास तिथे सुमारे अडीचशे लहान वस्त्या उभ्या राहिल्याचे दिसले. राजवाडे नाहीत, मोठी देवळे नाहीत, तटबंदी नाही. शेतकरी आणि मेंढपाळांची साधी घरे. आणि मडकी? ती कनानी परंपरेचीच! इस्रायल फिंकेलस्टाइन आणि नील सिल्बरमन यांनी २००१ साली पुस्तक लिहून हे सामान्य वाचकांपुढे मांडले. आरंभीचे इस्राएली बहुतांशी कनानातीलच लोक होते, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. वाचकहो, याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ज्यांची कत्तल केल्याचे ग्रंथ अभिमानाने सांगतो, त्यांचेच रक्त ते सांगणाऱ्यांच्या अंगात होते. कत्तल करणारे आणि कापले गेलेले एकाच मातीचे!

म्हणजे बायबल संपूर्ण खोटे का? मुळीच नाही. विरुद्ध बाजूचा पुरावा लपवणारा वकील आपल्याच पक्षकाराचे नुकसान करतो. इजिप्तचा राजा मेर्नेप्ताह याच्या इ.स.पू. १२०८ च्या सुमाराच्या शिलालेखात इस्राएल या लोकांचे नाव आहे. तो लेख १८९६ साली फ्लिंडर्स पेट्री यांना सापडला. १९९३ साली तेल दान येथे मिळालेल्या अरामी शिलालेखात 'दाविदाचे घराणे' हे शब्द आहेत. असिरियाच्या सन्हेरीबाने इ.स.पू. ७०१ मध्ये लाखीशला वेढा घातला, हे बायबल सांगते. निनवेच्या राजवाड्यातील शिल्पपट तेच दाखवतात आणि वेढ्यासाठी रचलेला चढ लाखीशला आजही उभा आहे. जिथे जमीन ग्रंथाला दुजोरा देते, तिथे तो मान्य करावा. जिथे देत नाही, तिथे तेही मान्य करावे. याला द्वेष म्हणत नाहीत, न्याय म्हणतात.

तीन हजार वर्षांपूर्वीची भिंत पडली की नाही पडली, त्याने आज कोणाच्या भाकरीत काय फरक पडतो, असे कोणी विचारील. फरक पडतो! भिंतीची कथा भिंतीपाशी थांबत नाही. अमेरिकेत उतरलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी स्वतःला नवे इस्राएल मानले आणि तिथल्या मूळ रहिवाशांना कनानी ठरवले. देवाने दिलेली भूमी म्हटल्यावर तिथे आधीपासून राहणाऱ्यांचा हक्क उरतोच कुठे? ओसेज जमातीचे अभ्यासक रॉबर्ट ॲलन वॉरियर यांनी १९८९ साली हेच मर्मावर बोट ठेवून सांगितले. मोशेने गुलामांना इजिप्तमधून सोडवले, ही कथा जगभरच्या पीडितांना बळ देते. पण मूळ रहिवासी ती वाचतो, तेव्हा त्याला स्वतःचा चेहरा कनानी माणसात दिसतो.

शोषकांना ग्रंथाची ही ताकद चांगलीच ठाऊक होती. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडिजमधील आफ्रिकी गुलामांसाठी खास बायबल छापले गेले. पूर्ण प्रोटेस्टंट बायबलात १,१८९ अध्याय असतात. यात उरले फक्त २३२! गुलामांच्या सुटकेची कथा कापली. ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र असा भेद नाही, हे पौलाचे वचन कापले. दासांनी धन्याची आज्ञा पाळावी, हे मात्र जपून ठेवले. धर्मप्रसाराच्या नावाने केलेली ही कात्रीबाजी होती. देवाचा शब्द म्हणायचे आणि गैरसोयीचा भाग कापायचा, यापेक्षा मोठा दंभ कोणता?

ही गोष्ट केवळ जुन्या काळाची नाही. पूर्व जेरुसलेममधील सिलवान या पॅलेस्टिनी वस्तीत 'दाविदाचे नगर' नावाचे उत्खनन आणि पर्यटनस्थळ आहे. ते एलाद ही ज्यू वसाहतवाद्यांची संघटना चालवते. २००५ साली एलात माझार यांनी तिथे दाविदाचा राजवाडा सापडल्याचे जाहीर केले. इतर पुरातत्त्वज्ञांनी त्या तारखेवर गंभीर आक्षेप घेतले. वाद विद्वानांचा आहे, पण झळ कोणाला लागते? शेजारच्या अल-बुस्तान भागात महापालिकेला बायबलकालीन राजाच्या बागेच्या नावाने उद्यान हवे आहे. तिथली अनेक घरे २०२४ मध्ये पाडली गेली. घरे विनापरवाना आहेत, असे पालिका म्हणते. परवाना मागूनही मिळत नाही, असे रहिवासी म्हणतात. दावीद होऊन गेला असेलही. पण तीन हजार वर्षांपूर्वीचा राजा आजच्या माणसाच्या घरावर बुलडोझर चालवण्याचे वॉरंट ठरू शकत नाही.

श्रद्धेला पुराव्याची भूक लागली की बाजारात बनावट माल येतो, हेही ओघाने आलेच. वॉशिंग्टन येथे २०१७ साली उघडलेल्या म्युझियम ऑफ द बायबलकडे मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे म्हणून सोळा तुकडे होते. २०२० साली तज्ज्ञांच्या तपासणीत सोळाच्या सोळा नकली निघाले! खऱ्या गुंडाळ्या १९४७ पासून कुमरानच्या गुहांतून मिळाल्या आणि बायबलच्या पाठाच्या अभ्यासात त्यांचे मोल अपार आहे. नकली तुकडे मात्र कोणत्याही उत्खननातून आले नव्हते, दलालांकडून आले होते. पंचनामा नाही, मुद्देमालाचा ठावठिकाणा नाही आणि खरेदीदार मात्र डोळे मिटून हजर! एक गोष्ट नोंदवली पाहिजे. तपासणी त्या संग्रहालयानेच करवून घेतली आणि निकाल स्वतः जाहीर केला. श्रद्धावानाने एवढे केले तरी पुष्कळ झाले.

ज्या टेकडीवर एका भिंतीसाठी एवढी धडपड झाली, तिथे केन्यन यांना काय मिळाले? सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचा, साडेआठ मीटर उंचीचा दगडी बुरूज! यहोशवा, मोशे यांची नावेही जगाला ठाऊक नव्हती, तेव्हा कोणा अनाम कष्टकऱ्यांनी तो उभारला. २०२३ साली युनेस्कोने हे प्राचीन यरीहो जागतिक वारसा म्हणून नोंदवले. कथेच्या समर्थनासाठी खणणाऱ्याला एक भिंत हवी होती. सत्यासाठी खणणाऱ्या बाईला मानवजातीचा आरंभीचा एक गाव सापडला.

ग्रंथ जरूर वाचावा. त्यातले करुणेचे, न्यायाचे वचन जरूर उरात जपावे. पण ग्रंथ म्हणजे सातबारा नव्हे. त्याच्या आधारे कोणाची जमीन घेता येणार नाही, कोणाला गुलाम ठरवता येणार नाही आणि कोणाच्या कत्तलीला पुण्य म्हणता येणार नाही. ज्याला तसा दावा करायचा असेल, त्याने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात यावे आणि उलटतपासणीला सामोरे जावे. जमीन साक्ष द्यायला तयार आहे. ती कोणाच्या दबावाखाली फितूर होत नाही. फक्त तिला खणणारा हात प्रामाणिक हवा!